पुस्तकातली बाग आपल्या कुंडीत आणताना: शोभेच्या झाडांची पहिली दोन वर्षं

बागकामाची आवड लागली की दोन खरेद्या हमखास एकाच आठवड्यात होतात: नर्सरीतून फुलांनी लगडलेली आठ-दहा झाडं आणि गुळगुळीत कागदावरचं एक जाडजूड पुस्तक. दोन्हींची निवड फुलं बघून झालेली असते. दोन-तीन महिन्यांत निम्मी झाडं मान टाकतात, आणि पुस्तक उघडावं तर त्यात सगळं नीटच लिहिलेलं असतं. पुस्तक एका हवेसाठी लिहिलेलं, झाड दुसऱ्या हवेत वाढलेलं आणि आपली गच्ची तिसरीच. म्हणून आधी जागा बघायची, मग मोजकी झाडं आणायची, ती दोन-तीन महिने सांभाळायची आणि मग पुस्तकाच्या दुकानात जायचं. तोवर पुस्तकाला काय विचारायचं ते आपल्याला कळलेलं असतं.

जागा आधी, झाड नंतर

एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते संध्याकाळी ६ दर तासाला जागेचा एकेक फोटो काढा. थेट ऊन कुठे, किती तास आणि कोणत्या वेळी पडतं हे एवढ्यानं कळतं. ६ तास किंवा त्याहून जास्त थेट ऊन असेल तर गुलाब, जास्वंद, बोगनवेल, झेंडू, सदाफुली, एक्झोरा यांना जागा आहे. ३ ते ५ तास, तेही सकाळचं ऊन असेल तर अनंत, हायड्रेंजिया, कोलियस, बिगोनिया. थेट ऊन नाही पण लख्ख उजेड आहे, तिथे फर्न, ॲग्लोनिमा, पीस लिली, मनी प्लांट, स्नेक प्लांट. ही पाहणी वर्षातून दोनदा करावी, कारण सूर्याचा मार्ग सरकतो आणि हिवाळ्यात उन्हात असलेला कोपरा उन्हाळ्यात सावलीत जाऊ शकतो, किंवा याच्या उलटही होतं.

घरातल्या उजेडाबाबत डोळे साफ फसवतात. भर दुपारच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स (उजेडाचं माप) उजेड असतो, तर खिडकीपासून दोन मीटर आत बऱ्याचदा ५०० लक्सही भरत नाही. आपल्या डोळ्यांची बाहुली मोठी होते म्हणून खोली उजळ वाटते. झाडाकडे तशी सोय नाही. मोबाइलवरचं लक्समीटर ॲप अंदाजापुरतं पुरे आहे. दिवसभर ५०० च्या खाली राहणाऱ्या कोपऱ्यात झाड नुसतं तग धरतं, वाढत नाही. 'इनडोअर प्लांट' म्हणून विकली जाणारी झाडं मुळात कमी उजेड सोसणारी असतात. कमी उजेड आवडणारी असतात असं नाही.

वजनाचाही हिशोब आधीच करा. १२ इंची कुंडी ओल्या मातीसकट २० किलोच्या पुढे जाते. कठड्यावर, सज्जावर किंवा लटकत्या स्टँडवर एवढा भार ठेवू नये.

पहिली पाच झाडं

जास्वंद, बोगनवेल, कोलियस, मनी प्लांट आणि स्नेक प्लांट. यादी फार साधी वाटेल, पण यातलं प्रत्येक झाड एकेक गोष्ट शिकवतं. कोलियस पाणी कमी पडलं की तासाभरात पानं खाली टाकतं आणि पाणी मिळालं की उभं राहतं, त्यामुळे पाण्याचा अंदाज लवकर येतो. जास्वंदीवर छाटणी आणि कीड दोन्हींचा सराव होतो. बोगनवेल हात आखडता घ्यायला शिकवते, स्नेक प्लांट पाणी न द्यायला. मनी प्लांटवर रोपं तयार करून बघता येतात. गुलाब दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. पहिल्याच वर्षी गुलाब आणला की बागकाम म्हणजे फवारणी असा समज होतो आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात.

नर्सरीत झाड निवडताना फुलांकडे शेवटी बघा. आधी पानाची मागची बाजू आणि पान खोडाला जुळतं तो सांधा तपासा. पांढरा कापसासारखा पुंजका, चिकटपणा किंवा बारीक जाळी दिसली तर ते झाड नको. मग बुंध्याला हलकं बोट लावा. बुंधा मातीलगत मऊ किंवा काळा असेल तर मूळ सडायला लागलेलं असतं. पिशवी उचलून तळ बघा. दोन-चार पांढरी मुळं डोकावत असतील तर चांगलं, जाड मुळांचं वेटोळं बाहेर आलं असेल तर झाड पिशवीत फार दिवस अडकलेलं आहे. पूर्ण फुललेल्या झाडापेक्षा कळ्या आणि नवे फुटवे असलेलं झाड घ्यावं. ते नव्या जागेत लवकर रुळतं.

घरी आणलेलं झाड दोन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. पिठ्या ढेकणाची (कापसासारखी दिसणारी पांढरी कीड) अंडी आणि बारीक पिल्लं नर्सरीत दिसत नाहीत, दोन आठवड्यांत दिसू लागतात. आणल्या दिवशीच कुंडी बदलण्याची घाईही नको. सात-आठ दिवस त्याला नवी हवा ओळखू द्या.

पाटीवरचं नाव आणि पुस्तकातलं नाव

झाड आणि पुस्तक यांना जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे शास्त्रीय नाव. १७५३ मध्ये कार्ल लिनियसनं 'स्पिशीज प्लांटेरम' प्रसिद्ध केलं, तेव्हापासून वनस्पतींना दोन शब्दी नाव देण्याची पद्धत रुळली: पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. त्यापुढे एकेरी अवतरण चिन्हांत नाव असेल तर ते माणसानं निवडलेल्या वाणाचं.

बाजारातली नावं मात्र गोंधळात टाकतात. बागेतलं क्रोटन पुस्तकात 'कोडियम व्हेरिगेटम' या नावाखाली सापडतं. 'क्रोटन' ही प्रजाती वेगळीच आहे. खिडकीत लावतात ते जिरेनियम बहुधा 'पेलार्गोनियम' असतं. खरं जिरेनियम कडाक्याच्या थंडीतही टिकणारं बहुवर्षायू झाड आहे, त्यामुळे चुकीचं पान उघडलं तर सल्ला पूर्ण उलटा मिळतो. मनी प्लांट म्हणजे 'एपिप्रेम्नम ऑरियम', पण जुन्या पुस्तकात ते 'पोथॉस' किंवा 'सिंडॅप्सस' नावानं असेल. स्नेक प्लांट जुन्या सूचीत 'सॅन्सेव्हिएरिया' खाली शोधा, नव्या सूचीत 'ड्रेसिना' खाली. सूचीत नाव सापडलं नाही म्हणून पुस्तकात ते झाड नाही असं लगेच समजू नका. जुनं नाव शोधून पुन्हा बघा.

खरेदीच्या वेळीच नर्सरीतल्या पाटीचा फोटो काढा आणि घरी प्लास्टिकच्या पट्टीवर शिसपेन्सिलीनं नाव व तारीख लिहून ती कुंडीत खोचा. मार्कर पेनाची शाई काही महिन्यांत उन्हानं उडून जाते, पेन्सिल टिकते.

माती आणि कुंडी

कुंडीतल्या झाडाला जमिनीतल्या मातीपेक्षा मोकळं मिश्रण लागतं, कारण कुंडीतलं पाणी खोल जिरून जाऊ शकत नाही. उन्हातल्या फुलझाडांसाठी आकारमानानं ४ भाग बागेची चाळलेली माती, ३ भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि ३ भाग जाडसर वाळू किंवा पर्लाइट (हलके, पांढरे, फुगवलेले खडे). सावलीतल्या पानांच्या झाडांसाठी २ भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), १ भाग गांडूळखत, १ भाग पर्लाइट. स्नेक प्लांट आणि मांसल पानांच्या झाडांना निम्मं मिश्रण वाळू-पर्लाइटचं असलं तरी चालतं. बांधकामाची बारीक वाळू वापरू नका. ती मातीतल्या पोकळ्या बुजवते आणि मिश्रण उलट घट्ट होतं.

कोकोपीटची ५ किलोची वीट भिजल्यावर साधारण ६० ते ७० लिटर होते. एखाद्या कुंडीसाठी अख्खी वीट पाण्यात टाकण्याआधी हे ध्यानात असू द्या. भिजवलेलं कोकोपीट दोनदा साध्या पाण्यानं धुऊन पिळून घ्यावं, कारण त्यात क्षार राहिलेले असतात आणि पानांची टोकं जळण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

मिश्रण जमलं का ते असं बघा: मूठभर ओलं मिश्रण दाबा. लाडू वळला आणि बोटानं टोचल्यावर फुटला तर ठीक. लाडू तसाच राहिला तर वाळू-पर्लाइट वाढवा, वळलाच नाही तर खत किंवा कोकोपीट.

आता कुंडी बदलणं. हे काम संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी करा.

१. आदल्या दिवशी झाडाला पाणी द्या. कोरडा गोळा निघताना फुटतो आणि बारीक मुळं तुटतात.

२. नवी कुंडी जुनीपेक्षा फक्त २ इंच मोठी घ्या. ६ इंची कुंडीतलं झाड थेट १४ इंचीत टाकलं तर मुळं पोहोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि सडण आतून सुरू होते. 'मोठी कुंडी, मोठं झाड' या समजुतीनं जेवढी झाडं गेली आहेत तेवढी किडीनं गेली नसतील.

३. तळाच्या भोकावर जाळीचा तुकडा किंवा बाक असलेलं खापर उपडं ठेवा. खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा थर नको. बऱ्याच पुस्तकांत आजही तो थर सांगितलेला असतो. पण बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. ते खडीच्या वरच साचतं, म्हणजे पाण्यानं भरलेला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो.

४. गोळा बाहेर काढून मुळं बघा. गोल फिरलेली असतील तर धारदार सुरीनं गोळ्याच्या बाजूंवर तीन-चार ठिकाणी उभे, सुमारे १ सेंटिमीटर खोल काप द्या. काळी, बुळबुळीत मुळं कापून टाका. पांढरी किंवा फिकट तपकिरी, टणक मुळं निरोगी असतात.

५. झाड आधी जेवढं खोल होतं तेवढंच ठेवा. बुंधा मातीत पुरला तर साल कुजते. कलमी झाडाचा कलमाचा सांधा (जिथे दोन झाडं जोडलेली असतात ती जागा) कुंडीत मातीच्या वर दिसला पाहिजे. थंड प्रदेशातल्या पुस्तकात गुलाबाचा सांधा मातीखाली घालायला सांगतात ते गोठणाऱ्या थंडीपासून बचाव म्हणून. उष्ण हवेत त्याची गरज नाही.

६. बाजूनं मिश्रण भरा, कुंडी दोन-तीनदा जमिनीवर आपटा, हातानं ठोसून दाबू नका. काठापासून २ ते ३ सेंटिमीटर जागा पाण्यासाठी सोडा.

७. तळातून पाणी निथळेपर्यंत द्या आणि ७ ते १० दिवस सावलीत ठेवा. तीन-चार आठवडे खत नाही.

पाणी

'दिवसाआड पाणी द्यावे' असं छापलेलं वाक्य दिसलं की ते सोडून पुढे जा. त्याच झाडाला, त्याच कुंडीत, उन्हाळी वाऱ्यात रोज दोनदा पाणी लागतं आणि गार, ढगाळ आठवड्यात एकदाच. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तर फुलझाडांना पाणी द्या. स्नेक प्लांट आणि मांसल पानांच्या झाडांना पूर्ण माती सुकल्यावर. लहान कुंड्या उचलून बघणं याहून सोपं. पाणी दिल्यावरचं आणि सुकल्यावरचं वजन हाताला आठवडाभरात कळू लागतं.

द्यायचं तेव्हा भोकातून निथळेपर्यंत. रोज कपभर पाणी टाकलं की वरचे दोन इंच ओले राहतात, खाली माती कोरडी ठणठणीत, आणि मुळं वरच गोळा होतात. खालच्या बशीत साचलेलं पाणी अर्ध्या तासानं ओतून टाका.

कोकोपीटचं मिश्रण एकदा पूर्ण सुकलं की पाणी धरत नाही. वरून ओतलेलं पाणी कडेकडेनं लगेच भोकातून बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं झाड प्यायलं. अशा वेळी कुंडी बादलीतल्या पाण्यात काठापर्यंत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत, २०-३० मिनिटं, ठेवा.

सगळ्यात घात करणारं लक्षण म्हणजे माती ओली असताना मान टाकलेलं झाड. मुळं सडलेली असतात, त्यामुळे भोवती पाणी असूनही ती ओढू शकत नाहीत. नवखा माणूस मलूल पानं बघून आणखी पाणी घालतो. झाड उपसून सडलेली मुळं कापा, नव्या मोकळ्या मिश्रणात लावा, वरची पानं एक तृतीयांश कमी करा आणि सावलीत ठेवा. खोड मऊ पडलं असेल तर वरची टणक फांदी कापून तिचीच काडी लावणं बरं. मूळ झाड बहुतेक वाचत नाही.

खत

१० इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी गांडूळखत, वरची माती खुरप्यानं हलकी करून. वाढीच्या काळात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान) हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात दर पंधरा दिवसांनी चालेल. कोरड्या मातीत, आजारी झाडाला किंवा नुकत्याच कुंडी बदललेल्या झाडाला खत देऊ नका. नत्र जास्त झालं की पानं हिरवीगार, फुलं गायब. बोगनवेलीत हे सगळ्यात आधी दिसतं. तिला थोडं उपाशी आणि थोडं तहानलेलं ठेवलं की रंग येतो.

पानं पिवळी पडली की खत कमी पडलं असं धरून चालतात. आधी कोणती पानं पिवळी आहेत ते बघा. खालची जुनी पानं एकसारखी पिवळी होत असतील तर नत्राची कमतरता किंवा जास्त पाणी. शेंड्याची नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. अनंत, एक्झोरा, अझेलियात हे फार दिसतं. बहुतेक वेळा लोह मातीत असतंच, पण मातीचा सामू (आम्लता मोजणारा आकडा, pH) ७ च्या वर गेल्यामुळे मुळांना घेता येत नाही. जड (क्षारयुक्त) पाणी हे त्याचं नेहमीचं मूळ. चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपातलं) देऊन तात्पुरता फरक पडतो; कायमचा उपाय म्हणजे आम्लधर्मी मिश्रण आणि शक्य असेल तेव्हा पावसाचं पाणी.

सामूचा खेळ हायड्रेंजियात डोळ्यांना दिसतो. सामू ५.५ च्या खाली असेल तर मातीतलं ॲल्युमिनियम झाडाला मिळतं आणि फुलं निळी येतात, ६.५ च्या आसपास किंवा वर गुलाबी. पांढऱ्या वाणांवर याचा परिणाम होत नाही, त्यामुळे त्यांच्यावर तुरटीचे प्रयोग करून काही हाती लागत नाही.

छाटणी: फूल कुठल्या फांदीवर येतं

छाटणीच्या सगळ्या नियमांच्या मुळाशी हा एकच प्रश्न आहे. जास्वंद, गुलाबाचे हायब्रिड टी वाण, बोगनवेल आणि मोगरा यांना फुलं नव्या फुटीवर येतात. म्हणून ही झाडं फुलांचा बहर ओसरल्यावर किंवा नव्या वाढीच्या तोंडावर छाटली की जास्त फुटवे आणि जास्त फुलं. अझेलिया, कॅमेलिया आणि मोठ्या पानांचं नेहमीचं हायड्रेंजिया यांच्या कळ्या आदल्या हंगामातल्या फांदीवरच तयार होऊन बसलेल्या असतात. त्यांना फुलं संपताच लगेच छाटायचं; उशीर केला तर पुढच्या वर्षीची फुलंच कापली जातात. पुस्तकात 'हिवाळ्यात छाटणी' असं वाचून हायड्रेंजिया बोडकं करणारे नंतर वर्षभर पानंच बघत बसतात.

काप बाहेरच्या दिशेनं तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवा फुटवा निघतो त्या जागेच्या) वर ५-६ मिलिमीटर, किंचित तिरका. फार वर कापलं तर खुंटी वाळून रोग आत शिरतो, फार जवळ कापलं तर डोळाच सुकतो. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त झाड कापू नका. कातर रुग्ण झाडावर वापरली असेल तर पुढच्या झाडाआधी स्पिरिटनं पुसा.

कलमी गुलाबात कलमाच्या सांध्याखालून एखादा जोमदार, वेगळ्याच पानांचा फुटवा येतो. तो खालच्या रानटी खुंटाचा असतो. माती उकरून जिथून निघाला तिथूनच तो ओढून काढा. वरून कापला तर त्याच जागी दोन येतात आणि वर्षभरात वरचा चांगला गुलाब मागे पडतो.

दोन रंगांच्या पानांच्या झाडांतही असंच लक्ष लागतं. पट्टेदार झाडावर पूर्ण हिरवी फांदी आली की ती मुळापासून काढा. तिच्यात हरितद्रव्य जास्त, वाढही जास्त, आणि काही महिन्यांत ती रंगीत फांद्यांना झाकून टाकते.

शेवंतीला कातरीऐवजी नख लागतं. रोप १२-१५ सेंटिमीटर झालं की शेंडा खुडायचा, बाजूच्या फांद्या तेवढ्या झाल्या की त्यांचेही. फुलं हवीत त्याच्या साधारण तीन महिने आधी शेवटची खुडणी. शेवंती आणि पॉइन्सेटिया दोन्ही लांब रात्रींवर फुलतात. पॉइन्सेटियाला तर रोज सुमारे १४ तास सलग अंधार, तोही आठ-दहा आठवडे मिळावा लागतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली ठेवलेलं झाड हिरवंच राहिलं तर त्याला खताचा काही दोष नाही.

एका झाडाची चार

मनी प्लांटची काडी कापताना पानाच्या देठाजवळचं पेर (फांदीवरची गाठ) काडीत आलंच पाहिजे. पेराशिवाय नुसतं देठासकट पान पाण्यात ठेवलं तर त्याला कधीकधी मुळं फुटतात, पण कोंब कधीच येत नाही.

जास्वंद आणि बोगनवेलीसाठी पेन्सिलीएवढ्या जाडीची, १०-१५ सेंटिमीटरची काडी घ्या. खालचा काप पेराच्या लगेच खाली, खालची पानं काढलेली, वरची दोन पानं अर्धी कापलेली. खालचं टोक रूटिंग हार्मोनच्या (मुळं फुटायला मदत करणाऱ्या) पावडरीत टेकवून, जादा पावडर झटकून, ओल्या कोकोपीट-पर्लाइटमध्ये ५ सेंटिमीटर खोल. मिश्रणात आधी काठीनं भोक पाडा, नाहीतर पावडर वरच पुसली जाते. वर पारदर्शक पिशवी, थेट ऊन नाही. नवी पालवी म्हणजे मुळं आली असं समजू नका. काडीतल्या साठ्यावरही दोन पानं फुटतात. हलकं ओढल्यावर काडी अडली तर मुळं धरली आहेत.

क्रोटनच्या उंच, खालून बोडक्या झालेल्या झाडासाठी गुटी कलम उत्तम. फांदीवरची २-३ सेंटिमीटर रुंदीची सालीची कडी काढा, आतला बुळबुळीत थर खरवडून टाका. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. वर भिजवून पिळलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) गुंडाळून प्लास्टिकनं दोन्ही टोकांना घट्ट बांधा. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसू लागली की खालून कापून लावा.

पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटची गंमत वेगळी आहे. पानाचे तुकडे लावले तर रोपं येतात, पण पूर्ण हिरवी. पिवळा काठ पानातल्या वेगळ्या पेशींच्या थरामुळे असतो आणि पानातून उगवणारा कोंब तो थर सोबत आणत नाही. काठ टिकवायचा तर मुळाशी आलेली पिल्लंच वेगळी करावी लागतात.

कीड

पिठ्या ढेकूण थोडे असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं टिपून काढा. जास्त असतील तर फवारणी: १ लिटर कोमट पाण्यात आधी द्रव साबण २ मिलिलिटर ढवळा, मग त्यात कडुनिंबाचं तेल ५ मिलिलिटर. तेल आधी टाकलं तर ते वर तरंगतं आणि पानं जळतात. संध्याकाळी, पानांच्या मागून, दर पाच ते सात दिवसांनी तीनदा. एका फवारणीत अंडी मरत नाहीत. आधी एका पानावर करून दुसऱ्या दिवशी बघा. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तिचाही बंदोबस्त करा, कारण मुंग्या मावा आणि पिठ्या ढेकणांचा गोड स्राव खातात आणि बदल्यात त्यांना शत्रूंपासून राखतात.

पानं निस्तेज, बारीक ठिपक्यांची दिसली तर ती पांढऱ्या कागदावर झटका. सरकणारे ठिपके म्हणजे लाल कोळी. तो कोरड्या, गरम हवेत वाढतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं पानांची मागची बाजू धुणं हा पहिला उपाय. कुंडीवर घोंघावणाऱ्या चिलटांचं कारण सतत ओली असलेली वरची माती. ती दोन इंच सुकू द्या, पिवळे चिकट सापळे लावा.

घरात लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर डिफेनबॅकिया, कण्हेर आणि मांजर असल्यास लिली टाळा. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे, आणि खऱ्या लिलीचे परागकण चाटूनही मांजराचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

आता पुस्तक

पहिलं पुस्तक कामाचं घ्या, देखाव्याचं नको. बागकामाची पुस्तकं ढोबळमानानं पाच प्रकारची: माती-छाटणी-कलमं शिकवणारी, हजारो झाडांचा कोश, एकाच गटावरची (गुलाब, ऑर्किड, बोन्साय, कॅक्टस), कीड-रोगांची चित्रं असलेली आणि बागेच्या रचनेची. पहिल्या वर्षी पहिल्या प्रकारातलं एक पुरे. कोश दुसऱ्या वर्षी, कारण तोवर कुठली नावं शोधायची ते माहीत असतं. एका गटावरचं पुस्तक त्या गटातली तीन-चार झाडं वर्षभर जगवल्यावर. रचनेची पुस्तकं ग्रंथालयातून आणून बघावीत.

दुकानात उभ्या उभ्या दहा मिनिटांत पुस्तकाची परीक्षा घेता येते. आधी तुम्हाला नीट माहीत असलेली तीन झाडं सूचीत शोधा आणि त्यांच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. तिथे चुका किंवा गोलगोल वाक्यं असतील तर माहीत नसलेल्या झाडांबद्दलही तेच असणार. मग एका झाडाची नोंद तपासा: शास्त्रीय नाव, पूर्ण वाढ झाल्यावरची उंची आणि पसारा, किती तास ऊन, किमान तापमान, छाटणी कधी आणि *का*, विषारी आहे का. यातल्या चार गोष्टी नसतील तर ते चित्रांचं पुस्तक आहे. छाटणी आणि कलमांसाठी रेखाचित्रं आहेत का ते बघा; काप नेमका कुठे हे फोटोपेक्षा रेषेनं जास्त स्पष्ट होतं. किडीच्या प्रकरणात मात्र फोटोच हवेत. शेवटी लेखक कोणत्या हवेत बाग करतो आणि आवृत्ती कोणत्या वर्षाची हे पाहा. मोबाइलवर वाचायचं असेल तर कोश आणि चित्रांची पुस्तकं तिथे निरुपयोगी ठरतात, नुसत्या मजकुराची चालतात.

पुस्तकातले महिने आपल्या हवेत उतरवणं

परदेशी पुस्तकांत 'शेवटचं दव गोठून गेल्यावर पेरा' अशी भाषा असते. जिथे दव गोठतच नाही तिथे या वाक्याला अर्थ उरत नाही. शिवाय दक्षिण गोलार्धात महिनेच उलटे. म्हणून महिना सोडा, तापमान धरा. एका कागदावर बारा महिने लिहून प्रत्येकापुढे आपल्याकडचं सरासरी कमाल आणि किमान तापमान लिहा. मग पुस्तकातल्या लेखकाच्या गावाचं तसंच कोष्टक शोधा. त्याचा मे महिना आपल्या कुठल्या महिन्यासारखा आहे ते शेजारी लिहिलं की अख्खं पुस्तक वापरता येतं. पेटुनिया, पॅन्सी, अँटिऱ्हिनम ही थंड देशांत उन्हाळ्यातली किंवा वसंतातली फुलं. उष्ण प्रदेशात तीच हिवाळ्यात लावतात.

अमेरिकी पुस्तकांत 'झोन ९' असे आकडे दिसतील. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या या नकाशात १३ पट्टे आहेत आणि प्रत्येक पट्टा वर्षातल्या सगळ्यात थंड तापमानाच्या सरासरीवर ठरतो, १० अंश फॅरनहाइटचा एक. झाड थंडीत मरेल का, एवढंच त्यावरून कळतं. उकाडा, दमटपणा, पाऊस सोसेल का याचं उत्तर त्यात नाही, त्यामुळे उष्ण प्रदेशातल्या माळ्याला हा आकडा अर्धाच उपयोगाचा. 'फुल सन' (पूर्ण ऊन) या शब्दांचंही तसंच आहे. विषुववृत्तापासून लांब राहणाऱ्या लेखकाचं दुपारचं ऊन सौम्य असतं. त्यानं पूर्ण ऊन सांगितलेलं हायड्रेंजिया किंवा फ्युशिया उष्ण प्रदेशात सकाळच्या उन्हात आणि दुपारच्या सावलीत ठेवावं लागतं.

ट्यूलिपच्या कंदांना १२ ते १६ आठवडे ९ अंश सेल्सियसखाली थंडी लागते, हे पुस्तकात बहुधा लिहिलेलंच नसतं, कारण लेखकाच्या अंगणात ती फुकट मिळते. उष्ण हवेत कंद तेवढे दिवस फ्रिजमध्ये, कागदी पिशवीत ठेवावे लागतात, आणि फळांपासून लांब. फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं आतली कळी मरते. लावताना कंदाच्या उंचीच्या दोन-तीन पट खोल. बियांनाही तोच हिशोब, पण पेटुनिया आणि बिगोनियासारखं धुळीएवढं बारीक बी मातीनं झाकायचं नाही, त्याला उगवायला उजेड लागतो.

जुन्या पुस्तकांच्या बाजारात फार छान गोष्टी मिळतात: हातानं काढलेली चित्रं, विस्मरणात गेलेले वाण, कलमांची बारकाईनं लिहिलेली प्रकरणं. दोन प्रकरणं मात्र डोळे झाकून ओलांडा. एक, कीडनाशक औषधांचं. डीडीटी, अल्ड्रिन, डायएल्ड्रिन ही नावं त्यांत सर्रास असतात. २००१ च्या स्टॉकहोम करारानं या रसायनांवर जगभर बंधनं आणली आहेत. दुसरं, कापलेल्या फांदीवर डांबर किंवा रंग फासण्याचं. ॲलेक्स शिगो या अमेरिकी वनशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, आतून भिंत घालून ती वेगळी करतं, आणि वरच्या लेपानं कुजणं थांबत नाही. काप स्वच्छ, फांदीच्या फुगीर कड्याच्या जरा बाहेर घ्या आणि उघडा सोडा.

पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं आपल्या तारखा लिहीत जा: या पानावरची छाटणी कधी केली, फूल कधी आलं, कुठला सल्ला आपल्या हवेत चालला नाही. दोन हंगाम नीट लिहिलं तर तिसऱ्या हंगामात कुठलं पुस्तक घ्यायचं हे त्या समासावरूनच ठरवता येतं. ज्या झाडापाशी सगळ्यात जास्त प्रश्नचिन्हं जमली असतील, त्याचं.